स्वप्नात मेलं की आयुष्य वाढतं

आमच्या घरात सकाळी उठल्यावरचा पहिला प्रश्न "काय दिसलं?" हा असायचा. विचारायची माझी आत्या, आणि तेही चूळ भरायच्या आधी. तिच्या मते तोंडात पाणी गेलं की स्वप्न धुऊन जातं आणि मग माणूस पदरचं घालून सांगतो. मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. झिंज्या पसरलेल्या, डोळ्यांत चिपडं, आणि समोर आत्या मांडी ठोकून बसलेली, फौजदार जबानी घ्यायला बसतो तशी. आज माझी नात डोळे उघडायच्या आधी उशाखालचा फोन चाचपडते म्हणून सगळे तिला बोलतात. मी बोलत नाही. मध्यंतरी तिची मैत्रीण दवाखान्यात होती, तेव्हा हिनं फोनलाच विचारलं होतं, आजारी माणूस स्वप्नात दिसलं तर काय होतं म्हणून. फोननं पानभर उत्तर दिलं. ती मला वाचून दाखवायला लागली आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. आजीला काय झालं हे तिला कळलं नाही. तिला कळावं म्हणून, आणि माझ्याही छातीवरचं ओझं जरा हलकं व्हावं म्हणून, ते दिवस लिहिते आहे.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, मांडवाचा धंदा होता. शहराच्या कडेला गारखेड्यात तेव्हा चार घरं झाली की एक मोकळं रान यायचं. आमचं घर तीन खोल्यांचं, पण त्यातली दीड खोली लोकांच्या लग्नांनी भरलेली. लाल-पिवळ्या कनातींच्या घड्या आढ्याला टेकलेल्या, झालरींची गाठोडी, सतरंज्यांच्या गुंडाळ्या, नवरदेव-नवरीच्या दोन मखमली खुर्च्या एकमेकींवर पालथ्या घातलेल्या. बांबू बाहेर भिंतीला उभे. घराला कायम जुन्या कापडाचा, धुळीचा आणि वाळक्या झेंडूचा वास यायचा. माझ्या शाळेच्या दप्तरालाही तोच वास होता आणि मुली मला "वऱ्हाड आलं" म्हणून चिडवायच्या. ओसरीत सत्तारभाई शिवणयंत्रावर फाटक्या कनाती सांधत बसायचे. ते अण्णांचे भागीदार म्हणा, दोस्त म्हणा, दोघांनी मिळूनच धंदा उभा केला होता. त्या यंत्राची खडखड थांबली की घरात काहीतरी बिनसलंय असं मला आजही वाटतं, यंत्र नसलेल्या घरातसुद्धा.

ते बिनसलं लग्नसराईच्या ऐन मध्यात. शेंद्र्याला एका लग्नाचा मांडव होता. शेंद्रा तेव्हा साधं गाव होतं, कारखान्यांचा पत्ता नव्हता. अण्णा शिडीवर चढून छताचं कापड ताणत होते, ते अर्ध्यातच खाली उतरले आणि मातीत बसले. ओठ निळे पडलेले. सत्तारभाईंनी त्यांना टेम्पोत सतरंज्यांवर टाकून शहरात आणलं. डॉक्टर म्हणाले, लहानपणी कधीतरी सांधे धरून ताप आला असेल, त्यानं हृदयाची एक झडप खराब केलीय, ती बदलावी लागेल. ते इथं होत नव्हतं. पुण्याला नाव लावलं आणि नंबर यायची वाट बघत बसायचं ठरलं. तोवर श्रम नाहीत, जिना नाही, जेवणात मीठ नाही.

अण्णांना आडवं पडलं की गुदमरायला व्हायचं. म्हणून आईनं पुढच्या खोलीत गाद्या रचल्या आणि पाठीला नवरदेवाचे लोड लावले, पांढऱ्या अभ्र्याचे, गोंडेवाले. अण्णा दिवसरात्र त्यांना टेकून बसून असायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला आतलं दिसू नये म्हणून त्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधे एक कनात टांगली होती. पहिल्या दिवशी अण्णा म्हणाले, "वऱ्हाड कधी यायचंय?" आम्ही हसलो. मग ते हसणं गेलं आणि राहिला तो त्यांचा श्वास. दोन पावलं चालून आले तरी ओढल्यासारखा यायचा, शेवटी बारीक शिट्टी वाजायची. मी कनातीच्या अलीकडे पुस्तक धरून बसायचे आणि कान पलीकडे. शिट्टी जरा लांबली की माझी वाचायची ओळ चुकायची. मी त्यांची एकुलती एक. अण्णा मरतील असं मला कुणी म्हटलं नव्हतं, पण शेजारच्या बायका माझ्याशी अचानक फार गोड बोलायला लागल्या होत्या, त्यावरून मी काय ते समजले होते.

आणि मग गंगापूरहून आत्या आली. अण्णांची थोरली बहीण. एसटीतून उतरली ती डोक्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा, हातात कारळाच्या चटणीची बरणी आणि तोंडात देवाधर्माला शिव्या. बाई खमकी. आल्या दिवशी तिनं चूल ताब्यात घेतली. येसराचा मसाला घातलेली आमटी आम्हाला, आणि अण्णांना बिनमिठाचं वरण. ते वरण बघून अण्णा म्हणायचे, "अक्का, झडपीचं राहू दे, मी याच्यानंच मरतो." आत्या त्यांच्या ताटाशी बसून घास घास संपवायला लावायची. बाहेरून ती अशी दगडासारखी, पण तिला स्वप्नांचं भारी वेड. दात पडलेला दिसला की घरावर संकट, साप दिसला की राहिलेला नवस. सगळ्यात पक्का नियम दुखणाइताचा. दुखणाईत माणूस स्वप्नात मेलेलं दिसलं की त्याचं आयुष्य वाढतं. आणि तेच माणूस नटलेलं, हसतमुख, लग्नाच्या कपड्यांत दिसलं की समजून घ्यायचं. काय समजून घ्यायचं ते ती बोलायची नाही, नुसता हात हलवायची.

ती येऊन आठवडाही झाला नसेल. एका पहाटे मला अण्णा दिसले. जमिनीवर निजवलेले, नाकात कापूस, आणि आश्चर्य म्हणजे सपाट निजलेले, श्वासाची शिट्टी बंद. मी रडतच उठले. शेजारी आत्या होतीच. "काय दिसलं?" मी मान हलवली. सांगणार कसं? तिनं हनुवटी धरून तोंड वर केलं, "बोल." मी सांगितलं. आत्यानं दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून बोटं फिरवून कानशिलांवर कडकड मोडली, उठून डब्यातला गूळ काढला, आधी माझ्या तोंडात कोंबला आणि कनात बाजूला सारून ओरडली, "बाबू, ऐकलं का रं! पोरीनं तुला मेलेला पाह्यला!"

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई धावत आली. ठसका बसल्यावर अण्णा म्हणाले, "पहाटंचं सपान खरं होतं म्हनती, अन् मेल्याचं सपान उलटं होतं म्हनती. मंग अक्का, पहाटंच मेलेला दिसलो तर खरं धरायचं का उलटं?"

"गप बस. तुला काय कळतंय? लई आयुष्य हाय तुला."

त्या दिवशी अण्णांनी अळणी वरणात भाकरी कुस्करून अख्खी खाल्ली. दुपारी सत्तारभाईंशी धंद्याच्या चार गोष्टीही बोलले. संध्याकाळी आईनं माझी वेणी घालताना हात जरा हळू फिरवला. मला वाटलं, मीच केलं हे. माझ्या स्वप्नानं अण्णा जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कनातीपलीकडून आवाज आला, "रंजे, आज मेलो का नाय मी?"

मला काहीच पडलं नव्हतं. मेलेल्यासारखी झोपले होते. पण त्या आवाजात अशी काही आशा होती की माझ्या तोंडून निघून गेलं, "मेलात की!"

"कसा?"

इथून ते सुरू झालं. रोज सकाळी चहाबरोबर मी अण्णांना त्यांचं मरण सांगायला लागले. पहिल्या दिवशी दोन वाक्यांत आटपलं. पण अण्णा मांडववाले, त्यांना तपशील लागायचा. बांबू कुठले वापरले, आपले का बाजारातले? मयतीला दारात कापड कुणी बांधलं? "त्या पलीकडच्या मांडववाल्याला तर नाय ना बोलावलं? त्याच्या कापडाखाली मी निघायचा नाय, सांगून ठेवतो." मग मी सांगायचे, नाही अण्णा, सत्तारभाईंनी आपलंच पांढरं कापड काढलं. कोण कोण रडलं? गंगापूरचे काका, म्हणजे आत्याचे यजमान, रडले का? ते रडणार नाहीत म्हणून अण्णांची खात्री होती, म्हणून मी त्यांना मुद्दाम रडवायचे, धाय मोकलून. अण्णा लोडावर टेकून डोळे मिटून ऐकायचे आणि त्यांच्या सुजलेल्या पायांची बोटं हलायची. आत्या गूळ वाटायची. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर या घरात वेडे राहतात असंच म्हटलं असतं.

आईला हे सहन होत नव्हतं. चहा दिला की ती मागच्या अंगणात जायची आणि धुण्याच्या दगडावर कपडे असे बडवायची की बटणं तुटायची. एकदा मी तिच्या मागे गेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वास्तू तथास्तु म्हणत असते, रंजे. घरात बसून असलं बोलू नये."

"पण आई, स्वप्नातलं आहे ना. आत्या म्हणते, उलटं होतं."

"स्वप्नातलं असलं तर होत असेल," ती म्हणाली आणि सदरा पिळायला लागली.

मी तिथंच उभी राहिले. तिला माहीत होतं की काय, हे मला कधी विचारता आलं नाही. पण त्या क्षणी माझ्या एक लक्षात आलं. आत्याचा नियम स्वप्नाला होता. मी तर जागेपणी, चहाचा कप हातात घेऊन, डोळे उघडे ठेवून सांगत होते. ते उलटं कसं होणार? ते तर सरळ घरात बोललेलं अभद्र होतं, आणि भिंतीतली वास्तू रोज सकाळी त्याला तथास्तु म्हणत होती. आता या वयात मी वास्तूलाही हसते आणि आत्याच्या नियमांनाही, पण ते अंगणातलं भय आठवलं की हसू ओठावरच थांबतं. तेव्हा मला खरोखर वाटलं की मी माझ्या बापाला रोज थोडं थोडं मारते आहे.

थांबवायचं म्हटलं तर तेही जमेना. एक दिवस मी "आज काही नाही दिसलं" म्हणाले. अण्णा "बरं" म्हणाले, आणि त्या दिवशी दुपारचं ताट तसंच परत आलं. आत्या माझ्यावर डाफरली, "नीट झोपत जा की!" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सुरू केलं. पण आता जे सांगायचं ते आधी डोळ्यांपुढे आणावं लागायचं आणि एकदा आणलं की ते जायचं नाही. शाळेतून येताना भिंतीला लावलेले बांबू दिसले की मी नजर खाली घालून दारात शिरायचे. फळ्यावर बाई काहीतरी लिहायच्या आणि मला कापूस दिसायचा. झोपायचीही भीती, उठायचीही भीती. जेवण जाईना. आत्याला वाटलं, मला नजर लागली. तिनं मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या, आणि त्या तडतडल्यावर निश्चिंत झाली.

अशात पुण्याहून निरोप आला की नंबर लागला. परवा निघायचं. हा नंबर चुकला तर पुढचा कधी येईल सांगता येत नाही, आणि तोवर यांचं हृदय टिकेल असंही सांगता येत नाही, हे इथल्या डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं. घरात बांधाबांध सुरू झाली. आणि त्याच रात्री, इतक्या दिवसांनी, मला खरंखुरं स्वप्न पडलं.

अण्णा मांडवात होते. अंगावर कोरं धोतर, डोक्याला गुलाबी फेटा, कपाळाला मुंडावळ्या. शिडी लावलेली आणि ते भराभर वर चढत होते, धाप नाही, शिट्टी नाही. वर जाऊन त्यांनी छताचं कापड असं ताणलं की सगळ्या मांडवात उजेड झाला. मग खाली वाकून मला म्हणाले, रंजे, जेवायला वाढ, आज मीठ घाल भरपूर. मी हसतच जागी झाले. आणि हसता हसता मला आत्याचा हात आठवला, तो नुसता हललेला.

त्या सकाळी आत्यानं "काय दिसलं?" म्हणायच्या आत मी उठून मोरीत गेले आणि चूळ भरली. कनातीपलीकडून अण्णांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, डोळाच लागला नाही. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी ओसरीत पळाले. तिथं सत्तारभाई यंत्राला तेल घालत होते. त्यांच्याही घरात स्वप्नांचे काही नियम असतीलच, असं वाटून मी विचारलं, "चाचा, खराब ख्वाब पडला तर काय करायचं?"

"मुँह से निकालनाच नै, बेटी. किसीकू बोलना नै. बोले तो हो जाता."

"आणि चांगला ख्वाब असला, पण तो खराब असला तर?"

त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "ये क्या बोल रई तू? अच्छा ख्वाब अच्छाच होता ना. उसमें खराबी कायकू आएगी?" मग माझा चेहरा बघून ते हळू म्हणाले, "देख, हमारे बुजुर्ग बोलते थे, ख्वाब पैले जिसकू बोलेंगे, वो जैसा मतलब निकालेगा, वैसाच होता. इसलिए समझके बोलना. कोई मोहब्बतवाला आदमी देखके बोलना."

आत्तापर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे अजून वेळ गेली नव्हती. मी तोंड उघडलं, सत्तारभाईंना सांगणारच होते. तेवढ्यात दंडाला धरून आत्यानं मला आत ओढलं.

तिनं मला चुलीपुढे बसवलं. "तोंड धुऊन आली म्हंजी काहीतरी दिसलंय. बोल. माझ्या गळ्याची आण हाय तुला." आत्याच्या गळ्याची आण मोडली तर आत्याला काही होईल, म्हणजे आणखी एक जीव माझ्या डोक्यावर. मी सांगितलं. फेट्यापर्यंत आले आणि तिचा चेहराच उतरला. मुंडावळ्यांपाशी तिनं डोक्यावरचा पदर तोंडात धरला. गूळ नाही, बोटं मोडणं नाही. गंगापूरच्या बाजारात पुरुषांना गप्प बसवणारी ती बाई भिंतीला टेकत टेकत खाली बसली.

"नाय जायाचं पुन्याला," ती म्हणाली. "नाय पाठवायची मी माझा भाऊ. टेबलावर जाईल तो. घरात हाय तसा राहू द्या, माझ्या डोळ्यांपुढं."

आई भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातांनी ती उठली. आमच्या घरात आईनं आत्यापुढे आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता, नंतरही कधी ऐकला नाही. तेव्हाही तो चढला असं म्हणता येणार नाही, थरथरत होता.

"वन्सं, मला विचारलंत कधी, मला काय दिसतं ते?"

आत्यानं वर पाहिलं.

"मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला लग्नंच दिसतात. रोज. फेटे दिसतात, कनाती दिसतात, हे शिडीवर चढलेले दिसतात. उशाला गठ्ठे अन् पायथ्याला गठ्ठे, दुसरं दिसंल काय? घोड्यावरसुद्धा पाहिलंय मी यांना, अन् शेजारी मी नव्हते, दुसरीच कोणतरी होती. मेले का हे? ज्या घरात दुकान बांगड्यांचं, त्या घरच्या पोरीला बांगड्या दिसणार. उद्याची गाडी चुकली अन् यांचं काही झालं, तर तुमच्या सपनाला विचारायला कुठं जाऊ मी?"

चुलीवरची भाकरी करपली. कुणी उलटली नाही. कनातीपलीकडे सगळं ऐकू जात होतं, हे आम्हा तिघींच्याही एकदमच लक्षात आलं.

"रंजे," अण्णांचा आवाज आला. "इकडं ये."

मी गेले. आता अण्णांनाही कळलं होतं, आता तर संपलंच, असं मनात. ते लोडाला टेकून नेहमीसारखे बसले होते. त्यांनी गादीवर हात आपटून मला जवळ बसवलं.

"फेटा कोन्त्या रंगाचा होता?"

"गुलाबी."

"अन् शिडीवर चढलो मी? सगळी?"

"सगळी."

"धाप?"

"नव्हती लागली."

"खरंच? वरपर्यंत गेलो तरी?"

"वर जाऊन कापड ताणलंत. एकट्यानं."

"अन् काय म्हन्लो?"

"जेवायला वाढ म्हणालात. मीठ घालून."

अण्णांनी हसायला तोंड उघडलं आणि त्यांना रडू आलं. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पाठ हलत होती, श्वास ओढत होता, आणि मला वाटलं, आता इथंच होतं की काय काहीतरी. मी त्यांचा हात घट्ट धरला. ते म्हणाले, "इतके दिस रोज मेलो मी. अक्काचं ऐकायचं म्हनून हसत बसलो. बरा झालेला कुनालाच दिसलो नव्हतो. डॉक्टरलाबी नाय. पुन्यांदा सांग. शिडीपासून सांग."

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. कनात बाजूला झाली होती आणि आत्या दारात उभी होती. अण्णा तिला म्हणाले, "अक्का, जाऊ दे मला." ती चुलीपाशी गेली, करपलेली भाकरी बाजूला काढली, आणि वाटेसाठीच्या भाकऱ्या स्वतःच थापायला बसली.

पुण्याला अण्णांबरोबर आई आणि सत्तारभाई गेले. मी आणि आत्या घरी. ते दिवस मला अजून नीट लिहिता येत नाहीत. मनाची समजूत काढावी म्हणून मी सत्तारभाईंचं घोकत होते, अच्छा ख्वाब अच्छाच होता. पण तो पहिल्यांदा ऐकला होता आत्यानं, आणि तिनं अर्थ काय काढला ते मी पाहिलं होतं. मग वाटायचं, अण्णांनी नंतर काढलेला अर्थ चालेल का? ज्याच्याविषयीचं स्वप्न त्याचा हक्क मोठा नाही का? कुणाला विचारणार? आत्याला तर नाहीच. ती उठल्या उठल्या आधी मोरीत जाऊन चूळ भरायची आणि मलाही भरायला लावायची. दिवसभर आम्ही कामापुरतं बोलायचो. किराणा दुकानातल्या फोनवर निरोप यायचा होता. दुकानाचं पोरगं गल्लीतून आमच्याकडे वळताना दिसलं की आम्ही दोघी एकमेकींचे हात धरायचो, आणि ते गोळ्या-बिस्किटं द्यायला पुढच्या घरी गेलं की सोडायचो. शेवटी दुकानदार स्वतःच दारात आला आणि तो हसत होता. ते हसणं बघून मला आधी धडकीच भरली. हसऱ्या चेहऱ्याला भ्यायची सवय झाली होती. "झालं म्हणाले. शुद्धीवर आलेत," तो म्हणाला, तेव्हा आत्या तिथंच उंबऱ्यात बसली आणि तिनं त्या बिचाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

अण्णा परत आले ते छातीत धातूची झडप घेऊन. घर शांत असलं की तिची टिकटिक ऐकू यायची. सत्तारभाई म्हणायचे, "अब इनकू घड्याळ की जरूरत नै." शिडीवर त्यांना पुन्हा कधी चढू दिलं नाही. खाली उभं राहून ते हुकूम सोडायचे. स्वप्नांचा विषय आमच्या घरातून गेला, कुणी बंद केला नाही, आपसूक गेला. आत्या गंगापूरला परतली. माझं लग्न अण्णांच्याच मांडवात झालं. मला मूल झालं, ते मोठं झालं. आणि ही सगळी वर्षं, हे मी कुणाला बोलले नाही, मी दर रात्री झोपताना भीत होते. अण्णा पुन्हा दिसतील, नटलेले, हसतमुख, आणि मला आधी कळेल, असं वाटायचं. ते दिसले नाहीत म्हणजे अजून वेळ आहे, अशी मी सकाळी स्वतःची समजूत घालायचे आणि मगच उठायचे.

ते गेले ते म्हातारे होऊन, झोपेत. पहाटे कधीतरी ती टिकटिक थांबली, आईलाही कळलं नाही. फोन आला तेव्हा मी नुकतीच उठले होते. गाढ झोप झाली होती, अंग हलकं होतं. रिक्षात बसून गारखेड्याला जाताना मी रात्रीत काही दिसलं होतं का ते आठवत होते. काही नव्हतं. काळं, सपाट, चांगली झोप.

आत्या दुपारी पोचली. नव्वदीला टेकलेली, दोघांनी धरून आणलेली. तिनं अण्णांच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग मला शेजारी ओढून कानाशी विचारलं, "रंजे, तुला कायच दिसलं नाय का गं?"

"नाही, आत्या."

"मलाबी नाय." तिचे डोळे माझ्यावर खिळले होते, आणि त्यांत इतकी भीती होती की मी दचकले. "गाडीत बसल्यापासून आठवू राहिले मी. कायच नाय, गं. साधा पायसुद्धा नाय दिसला त्याचा. मंग सांगितलं कामून नाय त्यानं आपल्याला?"

मी तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि आम्ही दोघी, अण्णांना उचलेपर्यंत, तशाच बसून राहिलो.